‘इन केस’ने केलेला घोळ: इंग्रजी वाक्यं जोडताना आपण नेमके कुठे अडतो?

मध्यरात्रीचा_चहा

मंडळी, गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी पुण्यात एका कंपनीत सपोर्टला आहे (नाव विचारू नका). इंग्लंडहून रात्रीची शिफ्ट बघायला एक नवीन माणूस आलाय, अस्सल इंग्रज. त्याच्यासाठी मी हँडओव्हरची मेल लिहिली. त्यातली एक ओळ अशी: ‘प्लीज रीस्टार्ट द सर्व्हर इन केस इट हँग्ज.’

मला म्हणायचं होतं, हँग झाला तर रीस्टार्ट कर. बाबाने शिफ्ट सुरू झाल्या झाल्या चांगला धडधाकट चाललेला सर्व्हर रीस्टार्ट केला. ऐन बिलिंगच्या वेळी. मग काय, कॉलवर कॉल.

सकाळी तो अगदी शांतपणे म्हणतो, तूच तर लिहिलं होतंस. मी मेल परत वाचली, मॅनेजरने वाचली, शेजारच्या टीमने वाचली. आम्हा सहाजणांत एकालाही चूक दिसेना. शेवटी त्यानेच समजावलं. त्यांच्याकडे ‘इन केस’ म्हणजे आपलं ‘न जाणो’. ‘टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स’ म्हणजे पाऊस येवो न येवो, छत्री आत्ताच घेऊन ठेव. म्हणजे माझ्या ओळीचा त्याने लावलेला अर्थ: न जाणो हँग व्हायचा, तेव्हा आधीच रीस्टार्ट करून टाक.

बारा वर्षं इंग्रजीत मेल लिहितोय. ‘एस्कलेशन’, ‘मिटिगेशन’ असले शब्द झोपेतही बरोबर लिहीन. आणि पाय घसरला तो दोन फालतू शब्दांवर. तेव्हापासून जुन्या मेल उघडून बघतोय तर हे जोडशब्द जिथे जिथे येतात तिथे काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाही. ‘ऑल्दो’ लिहिलं की पुढे बोटं आपोआप ‘बट’ टाइप करतात. ‘अन्टिल’ आलं की ‘नॉट’ येतंच. असं का होतं? इथे इंग्रजी शिकवणारे, तिकडे राहणारे बरेच आहेत म्हणून धागा काढतोय.

(इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहा. फोनवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो.)

---

चिंचोके

इन केस तुला नोकरीवरून काढलं, तर धागा पूर्ण करूनच जा.

---

खडू_फळा

चांगला विषय. सातारा जिल्ह्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी लाल शाई याच शब्दांवर संपली. सवडीने लिहिते.

मराठीत दोन वाक्यं जोडायला आपण कडी आणि कोयंडा दोन्ही वापरतो. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जोपर्यंत-तोपर्यंत, ज्याअर्थी-त्याअर्थी. एक टोक पहिल्या वाक्यात, दुसरं दुसऱ्यात. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी नुसती कडी असते आणि तेवढ्यावर दार लागतं. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेन्ट.’ झालं. यात ‘तरी’ला शब्दच नाही. मराठी मुलगा तिथे येऊन थबकतो, कोयंडा शोधतो, आणि सापडला नाही की ‘बट’ बसवून देतो. ‘बिकॉज’ने सुरुवात केली की ‘म्हणून’ हवं वाटतं, मग ‘सो’ येतो. ‘बिकॉज आय वॉज सिक, सो आय डिड नॉट कम.’ अशी वाक्यं मी हजारांनी तपासली असतील.

आता गंमत बघा. बोलताना आपण तरी दोन्ही टोकं कुठे वापरतो? ‘पाऊस आला तर जाणार नाही.’ ‘पाऊस असला तरी जाऊ.’ यात ‘जर’ नाही, ‘जरी’ नाही. आपण कडी टाकून देतो आणि कोयंडा ठेवतो. इंग्रज बरोबर उलटं करतो. तो ‘इफ’ ठेवतो, ‘देन’ टाकतो. म्हणजे ज्या जागी मराठी कानाला शब्द ऐकू यायलाच हवा, नेमकी तीच जागा इंग्रजीत मोकळी. म्हणून बोटं आपोआप ‘बट’ टाइप करतात. तुमचा दोष नाही, कानाची सवय आहे.

यावर मी वर्गात एकच उपाय सांगायचे. मुख्य वाक्य आधी लिही. ‘वी वेन्ट ऑल्दो इट वॉज रेनिंग.’ ‘आय डिड नॉट कम बिकॉज आय वॉज सिक.’ असं फिरवलं की ती मोकळी जागाच उरत नाही, मग ‘बट’ आणि ‘सो’ घुसणार कुठून? एरवी इंग्रज बोलतोही बहुतेक असाच. आधी गोष्ट, मागून कारण.

‘अन्टिल’चं दुखणं वेगळं. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत सुरू करू नका’ यात मराठीला ‘नाही’ लागतं, नाहीतर वाक्य उभंच राहत नाही. इंग्रजीत ‘अन्टिल ही कम्स’. तो येण्याचा क्षण ही सीमा. ‘अन्टिल ही डझन्ट कम’ म्हटलं तर ‘तो न येण्याच्या क्षणापर्यंत’ असं काहीतरी विचित्र होतं. ‘अनलेस’चंही तसंच, ‘नाही’ शब्दाच्या पोटातच आहे. ‘अनलेस यू डोन्ट पे’ म्हणजे दोनदा नकार, अर्थ नेमका उलटा.

---

नाक्यावरचा

बाई, सगळं मान्य. पण ‘अन्टिल ही डझन्ट कम, वी वोन्ट स्टार्ट’ हे वाक्य भारतात कुणाला कळत नाही असा माणूस दाखवा. अख्खा देश असंच बोलतो. मद्रास असो, दिल्ली असो. मग ती चूक कसली? आपली पद्धत म्हणा की.

---

खडू_फळा

नाक्यावर बोला हो, कोण अडवतंय. धागाकर्त्याचा सर्व्हर नाक्यावर नव्हता.

---

नाक्यावरचा

हा हा. पॉइंट आहे.

---

एमपीएस्सी_चालू

आम्हाला हे सगळं पाठ. उभयान्वयी अव्ययं दोन प्रकारची. प्रधानत्वसूचक: समुच्चय, विकल्प, न्यूनत्व, परिणाम. गौणत्वसूचक: स्वरूप, कारण, उद्देश, संकेत. केवल, मिश्र, संयुक्त वाक्य. झोपेतून उठवून विचारा. पण ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’, ‘सो’ या चौघांना हेच कप्पे लागू होतात हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. शाळेत मराठीचं व्याकरण वेगळ्या तासाला आणि इंग्रजीचं वेगळ्या तासाला, दोघांची ओळख कुणी करूनच दिली नाही.

---

अर्धविराम

ओळख जुनी आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, तेच इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. आपले कप्पे आणि त्यांचे कप्पे सारखे वाटतात ते उगीच नाही.

---

टेम्सकाठचा_बंडू

पंधरा वर्षं इकडे आहे. आधी धागाकर्त्याला दिलासा: अमेरिकेत ‘इन केस’ हे ‘इफ’सारखं वापरलेलं चालून जातं. माणूस टेक्सासचा असता तर तुझा सर्व्हर वाचला असता.

आता माझ्यावर बेतलेला किस्सा. हा ‘की’चा. पुण्याच्या टीममधून मेल आली: ‘क्लायंट सेड दॅट आय विल सेंड द फाइल टुमारो.’ आम्ही निवांत. मेल लिहिणारा फाइल पाठवणार म्हणून बसलो. तो क्लायंटची वाट बघत बसला. दोन दिवस गेले.

मराठीत ‘तो म्हणाला की मी फाइल पाठवतो’ यातला ‘मी’ कोण? तो. आपण त्याचं बोलणं जसंच्या तसं उचलून ‘की’च्या पुढे ठेवतो. इंग्रजीत ‘दॅट’च्या पुढे तसं चालत नाही. ‘दॅट’ लागला की बोलणारा बदलतो, ‘आय’ म्हणजे मेल लिहिणारा. तिथे ‘ही’ हवा होता. ‘की’ला ‘दॅट’ असं शब्दाला शब्द ठेवलं की सर्वनामं अशी फसवतात. तसंच ‘शी आस्क्ड दॅट व्हेदर’. ‘तिने विचारलं की येणार का’ यात ‘की’ आणि ‘का’ दोन्ही आहेत, इंग्रजीत ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’ एकटा पुरतो.

दुसरी गोष्ट बोलण्यातली. इथे आलो तेव्हा मला ‘अँड’ ऐकूच येत नसे. कारण कुणी ‘अँड’ म्हणतच नाही. तो नुसता ‘न्’ असतो, मागच्या शब्दाला चिकटलेला. ‘फिशन्चिप्स’. ‘ब्रेडन्बटर’. आपण स्वच्छ ‘अँड’ म्हटलं की त्यांना वाटतं या माणसाला त्या शब्दावर जोर द्यायचाय, पुढे काहीतरी विशेष येणार. आणि हे परकं वाटायचं कारण नाही. आपणही ‘आणि’ पूर्ण कुठे म्हणतो? ‘मी न् तो’, ‘भाकरी न् पिठलं’. तोच ‘न्’! हे लक्षात आलं त्या दिवशी बसमध्ये एकटाच हसलो होतो.

‘बिकॉज’चा ‘कॉझ’ होतो, तोही घाईत ‘कझ’. ‘दॅट’ बहुतेक वेळा गायब. ‘आय थिंक ही इज लेट.’ ‘आय थिंक दॅट ही इज लेट’ म्हणणारा माणूस कोर्टात साक्ष देत असल्यासारखा वाटतो. आणि ‘ऑल्दो’ बोलताना फारसं कुणी वापरत नाही. वाक्याच्या शेपटीला ‘दो’ लावतात: ‘इट्स नाइस, दो.’ आपलं ‘छान आहे, पण...’ असतं ना, त्याच्या जवळचं.

---

अर्धविराम

बंडू म्हणतोय ते नुसतं कानाचं निरीक्षण नाही. १९९९ साली लाँगमनने बोली आणि लेखी इंग्रजीचं जाडजूड व्याकरण काढलं, खऱ्या संभाषणांचे आणि छापील मजकुराचे मोठे साठे चाळून. त्यात हेच दिसतं. बोलण्यात ‘दॅट’ गाळणं हा नियम, शोधनिबंधात ठेवणं हा नियम. शेपटीचा ‘दो’ बोलण्यात भरपूर. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ छापील पानांवर.

आपल्याकडे याची सरमिसळ होते. आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो, त्यामुळे चहाच्या टपरीवरही ‘देअरफोर’ म्हणतो.

---

दहावीची_आई

मध्येच घुसते. लेकीची परीक्षा तोंडावर आहे. ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये दरवेळी ‘नो सूनर... दॅन’ चुकतं. ‘नो सूनर द बेल रँग व्हेन’ लिहून येते. समजावायचं कसं?

---

खडू_फळा

‘सूनर’ म्हणजे ‘अधिक लवकर’. तुलना आली की ‘दॅन’ आलाच. ‘टॉलर दॅन’, ‘बेटर दॅन’, तसाच ‘सूनर दॅन’. हे एकदा कळलं की ‘व्हेन’ हाताला येणारच नाही. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’मध्ये तुलना नाही, म्हणून तिथे ‘व्हेन’. आणि वाक्याच्या तोंडाशी नकार आला की क्रियापद प्रश्नासारखं उलटतं: ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.’ ‘डिड’ आला म्हणून ‘रँग’चा ‘रिंग’ झाला. तिला सांगा, प्रश्न विचारतोय असं समजून लिही.

---

टेम्सकाठचा_बंडू

पंधरा वर्षांत कुणाच्या तोंडून ‘नो सूनर’ ऐकलेलं आठवत नाही. इथे म्हणतात ‘द मिनिट आय गॉट होम’. किंवा साधं ‘ॲज सून ॲज’.

---

दहावीची_आई

तुमचं बरोबर आहे हो, पण पेपर बंडू तपासणार नाही.

---

चिंचोके

नो सूनर डिड आई उत्तर दिलं दॅन बंडू गप्प बसला.

---

कलमबहाद्दर

वकिलीतून थोडी भर. ‘अँड’ आणि ‘ऑर’ हे कायद्यात कोट्यवधींचे शब्द आहेत.

अमेरिकेत मेन राज्यात दुधाच्या ट्रकचालकांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला, ओकहर्स्ट डेअरीवर. कायद्यात नाशिवंत मालाच्या ज्या कामांना ओव्हरटाइम नाही त्यांची यादी होती: डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, साठवणं वगैरे, आणि शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. त्या ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मालक म्हणाला, ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे वेगळं काम, म्हणजे चालकांना ओव्हरटाइम नाही. चालक म्हणाले, नाही, हे ‘पाठवण्यासाठी किंवा वाटण्यासाठी पॅकिंग’ असं एकच काम आहे, आणि आम्ही पॅकिंग करत नाही. २०१७ मध्ये अपील कोर्टाने चालकांच्या बाजूने कौल दिला, २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. ‘ऑर’ कुणाला जोडतो एवढाच प्रश्न.

त्याहून अवघड प्रकरण २०२४ चं, पल्सिफर विरुद्ध अमेरिका. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात किमान शिक्षेतून सूट कुणाला? २०१८ च्या कायद्यानुसार, ज्याच्या नावावर अ, ब ‘अँड’ क नाही त्याला. आता तिन्ही एकत्र नसली की पुरे, की तिन्हींपैकी एकही असता कामा नये? मराठीत विचार करून बघा: ‘माझ्याकडे पेन, वही आणि पुस्तक नाही.’ वही आहे पण बाकी दोन नाहीत असं निघालं, तर हे वाक्य खरं की खोटं? सुप्रीम कोर्टात न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला: एकही असला तरी सूट नाही. ‘नाही’ आणि ‘आणि’ एका वाक्यात आले की दहा वेळा वाचा, हे मी ज्युनिअर मंडळींना रोज सांगतो.

आणि बाई, कडी-कोयंड्यावरून आठवलं. कायद्याच्या इंग्रजीने कोयंडा अजून सोडलेला नाही. ‘व्हेअरॅज... नाउ, देअरफोर’. आपल्या राजपत्रात तेच ‘ज्याअर्थी... त्याअर्थी’ म्हणून उतरतं. माझ्या अशिलांना ते मराठीही इंग्रजीच वाटतं ते सोडा.

---

खडू_फळा

वा! मी हे लिहिणार होते. जुन्या इंग्रजीत कोयंडे होते. १६११ च्या बायबलमध्ये ‘दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम’ आहे. ‘दो’ला ‘येट’, अगदी जरी-तरी. ‘ॲज’ला ‘सो’ आहे: ‘ॲज द हार्ट पँटेथ आफ्टर द वॉटर ब्रूक्स, सो पँटेथ माय सोल’. आमच्या शाळेतले जुने हेडमास्तर ‘दो... येट’ शिकवायचे आणि आम्ही तरुण शिक्षक त्यांना हसायचो. ते चूक नव्हते, जुने होते एवढंच. आजही ‘दो... येट’ला मी लाल शाई लावत नाही. ‘दो... बट’ला लावते, कारण ‘बट’ स्वतंत्र दोन वाक्यांना जोडतो आणि ‘दो’ने पहिलं वाक्य आधीच परावलंबी करून ठेवलेलं असतं.

---

अर्धविराम

बायबल निघालंच आहे तर माझा एक राग काढून घेतो. मी इंग्रजी हस्तलिखितं तपासतो. दर दुसरा मराठी लेखक मला सांगतो की ‘अँड’ने आणि ‘बट’ने वाक्य सुरू करायचं नाही, शाळेत शिकवलंय. त्याच बायबलचा पहिला अध्याय उघडा. ३१ ओव्या. पहिली ‘इन द बिगिनिंग’, सत्ताविसावी ‘सो’ने, उरलेल्या २९ च्या २९ ‘अँड’ने सुरू होतात. शाळेतली मुलं प्रत्येक वाक्य ‘अँड देन’ने सुरू करायची म्हणून कुणीतरी वैतागून बंदी घातली असणार, आणि आपण ती चाळिशीतही पाळतोय.

ज्याची खरंच काळजी घ्यायला हवी ते कुणी घेत नाही. ते म्हणजे स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्यं चिकटवणं. ‘आय वॉज इल, आय डिड नॉट कम.’ मराठीत हे सुंदर चालतं. ‘तो आला, बसला, चहा प्यायला, गेला.’ याला कुठे अव्यय हवंय? आपला स्वल्पविराम बलदंड आहे, तो वाक्यं पेलतो. इंग्रजीतला नाजूक आहे. त्याच्या जोडीला ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ असा कुणीतरी द्यावा लागतो, नाहीतर पूर्णविराम किंवा अर्धविराम. (आयडी उगीच नाही घेतला.) ‘हाउएव्हर’ तर सगळ्यांना फसवतो. अर्थ ‘बट’चा, पण तो दोन वाक्यांना जोडणारा शब्दच नाही. ‘आय कॉल्ड हिम, हाउएव्हर ही डिड नॉट आन्सर’ यात सांधा कुठेच नाही, नुसतं शेजारी शेजारी उभं केलंय. ‘हाउएव्हर’च्या आधी पूर्णविराम द्या.

आणि एक, ‘ऊन’बद्दल. ‘बाजारात जाऊन भाजी घेऊन ये.’ मराठीत हा ‘ऊन’ क्रियापदांची माळ ओवतो. तो इंग्रजीत नेताना लोक ‘हॅविंग गॉन टू द मार्केट’ असलं काहीतरी लिहितात. तिथे ‘ऊन’चं काम बिचारा ‘अँड’ करतो: ‘गो टू द मार्केट अँड गेट सम व्हेजिटेबल्स.’ हस्तलिखितातल्या दहांतल्या नऊ ‘हॅविंग’ मी कापतो.

---

सात्त्विक_संताप

तुम्ही इंग्रजी सुधारताय, इकडे मराठी बुडाली. माझा नातू म्हणतो: ‘मी आलो असतो बट क्लास होता, सो नाही आलो.’ नाम, क्रियापद सगळं मराठी. फक्त सांधे इंग्रजी! घराच्या विटा आपल्या आणि चुना परका.

---

अर्धविराम

काका, मलाही खटकतं. पण चुना परका असणं नवीन नाही. ‘आई व बाबा’ यातला ‘व’ फारसीच्या वाटेने आलेला अरबी आहे. ‘शिवाय’ अरबी. कोर्टातलं ‘सबब’ अरबी. आपण जे ‘की’ म्हणतो त्याचं फारसीशी नातं सांगतात. दरबारात फारसी चालायची तेव्हा सांधे फारसी आले, आता ऑफिसात इंग्रजी चालते. नातवाच्या ‘बट’ला व्याकरणात जागा मिळेल की नाही ते माहीत नाही, मला तरी ‘पण’ हवा. ‘पण’ दोन अक्षरांचा, ‘बट’ दोन अक्षरांचा. मग बचत कसली?

---

सात्त्विक_संताप

‘व’ अरबी? रोज ‘श्री. व सौ.’ लिहितो मी. बरं. पचायला वेळ लागेल.

---

मेलबर्नची_मावशी

‘पण’वरून लिहिल्याशिवाय राहवेना. इथे ऑस्ट्रेलियात काही लोक वाक्याच्या शेवटी ‘बट’ लावतात. ‘आय टोल्ड हिम, बट.’ आणि थांबतात! नवीन होते तेव्हा मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहायचे. शेजारणीचं बोलणं संपलेलं असायचं, मी आपली तोंडाकडे बघतेय. नंतर कळलं की तो शेवटचा ‘बट’ म्हणजे आपलं ‘सांगितलं होतं पण मी त्याला’. आपणही ‘पण’ कुठेही टाकतो की. माझ्या सासूबाई ‘मी सांगितलं होतं पण!’ असं म्हणून दार लावून घ्यायच्या. त्यांना इथे काही अडलं नसतं.

---

टेम्सकाठचा_बंडू

मावशी, भारी.

सात्त्विक काकांसाठी अजून एक धक्का. ‘बिकॉज’ला तर अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ चा ‘वर्षाचा शब्द’ ठरवलं होतं. नेटवरच्या ‘बिकॉज रेन’, ‘बिकॉज मंडे’ या वापरामुळे. पुढे वाक्यच नाही, नुसतं नाम. माझी बहीण व्हॉट्सॲपवर असंच लिहिते. का आली नाहीस? ‘कारण पाऊस.’ व्याकरण वगैरे शोधत बसू नका, मुंबईकराला एवढ्यात सगळं कळतं.

---

एमपीएस्सी_चालू

‘कारण पाऊस’ हे केवल, मिश्र की संयुक्त?

---

खडू_फळा

ओलं.

---

मध्यरात्रीचा_चहा

बाईंनी शेवटी विकेट काढलीच.

दोन रात्री सगळे प्रतिसाद वाचले. काल बसून आमचं सूचनांचं पूर्ण डॉक्युमेंट उघडलं, चाळीसेक पानं. ‘इन केस’ शोधायला टाकलं. एकतीस ठिकाणी सापडलं! त्यातली अठ्ठावीस ‘इफ’ हवी होती. तीन खरंच ‘न जाणो’ची होती, ती ठेवली. ‘अन्टिल’च्या जवळ ‘नॉट’ नऊ वेळा. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘डू नॉट क्लोज द तिकीट अनलेस द यूजर डझ नॉट कन्फर्म’. म्हणजे यूजरने होकार दिला की तिकीट (त्याच्या तक्रारीची नोंद) उघडं ठेवायचं आणि गप्प बसला की बंद करायचं. चार वर्षं ती ओळ तिथे आहे आणि आम्ही सगळे ती बरोबरच पाळत आलोय, कारण वाचणारे सगळे मराठी नाहीतर हिंदी.

बाईंचा उपाय वापरून काही सूचना उलट्या केल्या, मुख्य वाक्य आधी. आणि तिथेच नवीन प्रश्न आला. ‘रीस्टार्ट द सर्व्हर इफ इट हँग्ज.’ इंग्रजी चोख. पण रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत वाचणारा माणूस पहिले तीन शब्द वाचून बटण दाबेल अशी मला भीती वाटते. म्हणून या एका ओळीपुरतं ‘इफ’ पुढे आणलं: ‘इफ द सर्व्हर हँग्ज, रीस्टार्ट इट.’ बाई, चालेल ना?

---

खडू_फळा

चालेल. स्वल्पविराम दिलात, ‘देन’ घातला नाहीत. दहापैकी दहा.

---

चिंचोके

आणि हँग नाही झाला तर?

---

मध्यरात्रीचा_चहा

तर हात लावू नको म्हणून लिहिलंय. वेगळ्या ओळीत, ठळक.